ई-क्लासला पडीक म्हणू नका!

रात्री झोपण्याआधी शेवटचं रील कोणतं पाहिलं, आठवतं? माझ्या फीडमध्ये सध्या आफ्रिका आहे. पिवळंधमक गवत, मधूनच एखादं काटेरी झाड, दबा धरून बसलेली सिंहीण आणि खाली कमेंटमध्ये आपलीच पोरं : 'लाइफमध्ये एकदा तरी जायचंय भावा!' खोटं कशाला बोलू, मीही हीच कमेंट टाकली आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी नांदगाव खंडेश्वरहून अमरावतीची एसटी पकडली. खिडकीबाहेर पिवळं गवत, मधूनच काटेरी झाडं आणि लांबवर सात-आठ हरणांचा कळप. एसटीतल्या एकाही प्रवाशानं मान वर केली नाही. सगळे मोबाइलमध्ये. कुणी सांगावं, त्यातले दोघं-चौघं आफ्रिकाच पाहत असतील.

तुम्ही म्हणाल, कुठं आफ्रिका आणि कुठं आपलं नांदगाव! थांबा. आधी माझा एक पराक्रम सांगते.

मी दुसऱ्या वर्षाला असताना आमच्या कॉलेजचं एनएसएसचं शिबिर एका खेड्यात होतं. कार्यक्रम ठरलेला : वृक्षारोपण. गावालगतच्या ई-क्लासवर आम्ही चाळीस पोरापोरींनी दोन दिवस खड्डे खोदले. दोनशे रोपं लावली. निलगिरी होती, गुलमोहर होता, काही करंजही होते. फोटो काढले, बॅनर धरला, स्टेटस टाकलं. तेवढ्यात मेंढ्या घेऊन चाललेले एक आबाजी थांबले आणि मलाच विचारते झाले, "काऊन वं पोरी, इथं कायले खड्डे खंदून राह्यले तुमी?"

मी मोठ्या अभिमानानं सांगितलं, "आबाजी, इथं जंगल होणार आहे."

ते म्हणाले, "इथं तं गवत हाय. झाडाच्या सावलीनं गवत मरन. मंग माह्या मेंढ्या काय तुहं सर्टिफिकीट खातीन?"

आम्ही सगळे हसलो. 'जुनी माणसं, त्यांना पर्यावरण काय कळणार', असंही कुणीतरी म्हणालं. मला ते वाक्य विसरता आलं नाही. पुढं मास कॉमला आल्यावर एका असाइनमेंटसाठी गवताळ प्रदेशांवर वाचायला घेतलं आणि कळलं की त्या दिवशी त्या ई-क्लासवर पर्यावरण कळणारा माणूस एकच होता. आणि त्याच्या हातात बॅनर नव्हता.

तेच गवत, तीच बाभूळ

आता पुन्हा आफ्रिकेकडे. दक्षिण आफ्रिकेतलं क्रूगर नॅशनल पार्क तुम्हाला माहीत असेल. १८९८ साली राखीव क्षेत्र म्हणून सुरुवात झाली, १९२६ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं. क्षेत्रफळ साडेएकोणीस हजार चौरस किलोमीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या अख्ख्या अमरावती जिल्ह्याच्या दीडपटीहून मोठं. तिथं सस्तन प्राण्यांच्या १४७, पक्ष्यांच्या ५०० हून अधिक आणि झाडांच्या ३३६ जातींची नोंद आहे. रीलमध्ये आपल्याला फक्त सिंह, हत्ती, गेंडे दिसतात. पण हा सगळा डोलारा उभा आहे तो गवतावर. गवत आणि मधूनमधून झाड, अशा या प्रदेशाला सव्हाना म्हणतात.

आणि गंमत इथंच आहे. त्या सव्हानात वाढणारं एक गवत तुम्ही नक्की पाहिलं आहे. पाहिलं नसेल तर ते तुमच्या सॉक्समध्ये घुसलं आहे. कुसळी! दिवाळीनंतर ई-क्लासवरून चालत गेलं की पँटला, लेगिंगला जे कुसळं चिकटतात आणि घरी आल्यावर आई ओरडते, तेच. हेच गवत, अगदी हीच जात, दक्षिण आफ्रिकेतही आहे. कुसळाची करामत बघा. टोकाला सुईसारखं बी, त्यावर उलटे बारीक केस आणि मागे पीळ घातलेली शेपटी. दव पडलं, शेपटी ओली झाली की पीळ सुटतो आणि बी स्क्रूसारखं गोल फिरत मातीत शिरतं. स्वतःची पेरणी स्वतः करणारं गवत आहे ते. आणि आपण त्याला शिव्या देत सॉक्स झटकतो.

दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ आपल्याला लगेच दिसतं म्हणतात. इथं उलटं झालंय. आपल्या पायातलं कुसळसुद्धा आपल्याला दिसेना.

बाभळीचंही तेच. आपल्या बांधावरची बाभूळ मूळची भारतीय उपखंडाचीही आहे आणि आफ्रिकेचीही. क्रूगरमध्ये तिची सख्खी पोटजात आहे. आपली बोर आणि तिकडची काटेरी 'बफेलो थॉर्न' एकाच कुळातल्या, चुलत बहिणीच म्हणा. विजेच्या तारेवर बसणारी, लाल डोळ्यांची, पांढरी-राखाडी कापशी घार पाहिली आहे ना? एका जागी हवेत थांबून उंदरावर झेप घेते ती. तीही दोन्हीकडे आहे. बिबट्या दोन्हीकडे तोच. तिकडं ठिपकेवाला तरस, आपल्याकडं पट्टेवाला. तिकडं कोरी बस्टर्ड नावाचा मोठा माळपक्षी, आपल्याकडं त्याच कुळातला माळढोक.

एक पाहुणा तर दोघांचाही आहे. अमूर ससाणा. हा चिमुकला शिकारी पक्षी ईशान्य आशियातून निघतो, ऑक्टोबरच्या सुमारास नागालँड-मणिपूरमध्ये थांबतो, मग भारत ओलांडून, अरबी समुद्र पार करून आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडं जातो. २०१३ पासून त्यांच्या पाठीवर उपग्रह ट्रान्समीटर बसवून हा मार्ग तपासला गेला. त्यातले काही महाराष्ट्रावरूनही गेले आहेत. ज्या आफ्रिकेचं तिकीट आपल्याला परवडत नाही, तिथं जाणारे प्रवासी आपल्याच डोक्यावरून जातात.

त्यांनी झुडपं काढली, आपण खड्डे खोदले

मग फरक काय? माझ्या मते फरक एका शब्दाचा आहे. ते त्याला 'सव्हाना' म्हणतात, आपण 'पडीक'.

हा शब्द असाच आलेला नाही. इंग्रजांच्या महसुली हिशेबात ज्या जमिनीतून सारा येत नाही ती वाया गेलेली जमीन. इंग्रज गेले, हिशेब राहिला. आजही देशाच्या पडीक जमिनींच्या सरकारी नकाशात झुडपी-गवताळ माळरानं 'वेस्टलँड' या खान्यात पडतात. आणि एकदा पडीक म्हटलं की तिथं काहीही करायला मोकळीक. मुरूम खोदा, कचरा टाका, अतिक्रमण करा, प्रकल्प आणा. यातलं काहीच नाही जमलं तर किमान झाडं तरी लावा.

परिणाम काय झाला, तेही पाहा. भारतानं वाळवंटीकरणासंबंधीच्या संयुक्त राष्ट्रांच्या करारांतर्गत दिलेल्या माहितीनुसार, देशातलं गवताळ क्षेत्र २००५ मध्ये सुमारे १ कोटी ८० लाख हेक्टर होतं. २०१५ मध्ये ते १ कोटी २३ लाखांच्या आसपास उरलं. दहा वर्षांत जवळजवळ एक तृतीयांश गायब. एवढं जंगल तोडलं असतं तर आपण रस्त्यावर आलो असतो. गवत गेलं, कुणाला कळलंही नाही.

झाडं लावणं वाईट, असं मी म्हणत नाही. राज्यात २०१७ ते २०१९ या तीन वर्षांत ५० कोटी वृक्षलागवडीची मोहीम झाली, तुमच्यापैकी अनेकांनी शाळेत असताना तेव्हा रोपं लावली असतील. रस्त्याकडेला, शाळेत, शेताच्या बांधावर, उजाड झालेल्या जंगलात जरूर लावा. प्रश्न जागेचा आहे. गवताला ऊन लागतं. दाट झाडी आली की गवत मरतं. गवत मेलं की जमिनीवर अंडी घालणारे तितर, लावे, टिटव्या, चंडोल यांचं घर जातं. मोकळ्या मैदानात दूरवर नजर ठेवून, धोका दिसताच पळणाऱ्या काळविटाला झाडीत काय करायचं ते कळत नाही. आणि 'गवत काय कार्बन साठवणार' असं वाटत असेल, तर गवताचा कार्बन मुळांमध्ये, जमिनीखाली असतो. वणवा आला तरी तो तिथंच राहतो. झाडाचा धूर होतो.

तिकडं हे ओळखून काम चालतं. गवतासाठी आग किती, कधी लागते हे समजून घ्यायला क्रूगरमध्ये १९५४ पासून ठरावीक तुकड्यांवर प्रयोग सुरू आहेत. नामिबियात माळरानावर झुडपांचं अतिक्रमण ही राष्ट्रीय समस्या मानतात. तिथं ती झुडपं काढून त्यांचा कोळसा, इंधनाच्या विटा करतात, का तर गवत परत यावं म्हणून. तिकडं गवत वाचवायला झुडपं काढतात आणि आम्ही चाळीस जणांनी गवत खोदून निलगिरी लावली. वर सर्टिफिकेटही घेतलं.

चित्ता आला, तणमोर चालला

१७ सप्टेंबर २०२२ हा दिवस आठवतो? नामिबियातून आठ चित्ते मध्य प्रदेशातल्या कुनोला आले. १८ फेब्रुवारी २०२३ ला दक्षिण आफ्रिकेतून आणखी बारा. टीव्हीवर दिवसभर तेच. आपल्या देशातला चित्ता १९५२ मध्ये नामशेष झाल्याचं जाहीर झालं होतं. तो का संपला? शिकार हे एक कारण, पण तो राहायचा ती माळरानं आणि त्याचं भक्ष्य असलेली काळविटं कमी झाली हेही मोठं कारण.

आता आपल्या शेजारी पाहा. वाशिम जिल्ह्यात कारंजा-सोहोळ हे खास काळविटांसाठीचं अभयारण्य आहे. जेमतेम १८ चौरस किलोमीटर. नांदगावहून समृद्धीवर गाडी घातली की अर्ध्या-पाऊण तासात त्याच्याजवळून आपण भुर्रकन निघून जातो. चीप्स खात. अकोला-वाशिमच्या माळांवर आणि शेतांत पावसाळ्यात तणमोर येतो. कोंबडीएवढा पक्षी. नर गवतातून एकदम वर उडी मारतो आणि परत खाली, मादीला दिसावं म्हणून, दिवसातून शेकडो वेळा. उडी दिसायला गवत फार उंच नको, लपायला फार बुटकं नको. एवढं मोजूनमापून घर लागतं त्याला. १९९९ च्या आसपास देशात साडेतीन हजार तणमोर असतील असा अंदाज होता. २०१७-१८ च्या पाहणीनंतरचा अंदाज हजाराच्याही खाली आला. २०२१ पासून जागतिक यादीत तो 'अतिसंकटग्रस्त' आहे.

चित्त्यासाठी विमान पाठवलं त्याबद्दल मला आनंदच आहे. पण तणमोराला विमान नको. त्याला फक्त गवत हवंय, तेही दोन-चार महिने. ते आपल्याच ग्रामपंचायतींच्या हद्दीत आहे.

विदर्भ म्हटलं की वाघ, आणि अमरावती म्हटलं की मेळघाट, एवढंच आपल्या डोक्यात बसलंय. मेळघाट आपला अभिमान आहेच, देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी तो एक. पण तिथं जायला जिप्सी लागते, बुकिंग लागतं, पैसे लागतात. ई-क्लासवर जायला चपला लागतात. कुसळांमुळे बूट असले तर बरं, एवढंच.

"माळरान तुमचं, तूर आमची"

आता मला माहीत आहे, शेतकऱ्याघरची पोरं हे वाचून चिडली असतील. 'मॅडम, हरणं लांबून छान दिसतात. आमच्या शेतात येऊन दाखवा.'

मला लांब जायची गरज नाही. माझे बाबा डिसेंबरात तुरीत जागलीला जातात. टॉर्च, काठी, फटाके. मागच्या वर्षी एका रात्रीत रोह्यांनी दोन एकर हरभऱ्याची पार नासाडी केली. त्या सकाळी मी बाबांना जैवविविधतेवर भाषण दिलं नाही. देऊच शकत नव्हते. ते धुऱ्यावर बसले होते, मी शेजारी बसले. एवढंच.

म्हणून हा प्रश्न बाजूला सारून माळरान वाचवा म्हणणं मला अप्रामाणिक वाटतं. पण एक प्रश्न विचारते. रोही, हरणं, रानडुकरं शेतात का येतात? शेतातला चारा गोड लागतो हे खरं. पण ज्या ई-क्लासवर ती चरायची, तिथं आज एका बाजूला मुरमाची खदान आहे, दुसऱ्या बाजूला उकिरडा आणि उरलेल्यात कुणाचं तरी सोयाबीन. जनावरानं जायचं कुठं? लांडगे कमी झाले, मग त्यांची संख्या तरी कोण आवरणार? ई-क्लास मारून शेत वाचत नाही. उलट जनावर शेतात ढकललं जातं.

इथंही आफ्रिकेकडून शिकण्यासारखं काहीतरी आहे. नामिबियानं १९९६ मध्ये कायदा बदलला आणि गावकऱ्यांना आपल्या भागातल्या वन्यजीवांवर हक्क दिले. १९९८ पासून गावसमूहांची संरक्षित क्षेत्रं नोंदली जाऊ लागली, आज ती ८० च्या वर आहेत. पर्यटनाचं उत्पन्न, नोकऱ्या थेट गावाला. शिकारीच्या परवान्यांतूनही पैसा येतो, त्यावर जगभर वाद आहे आणि तो भाग आपण उचलावा असं माझं मुळीच म्हणणं नाही. पण मूळ विचार पटतो. ज्याच्या शेतात जनावर येतं, त्याला त्या जनावराचा फायदाही मिळाला पाहिजे. आपल्याकडं त्याला काय मिळतं? पंचनाम्यासाठी चकरा.

नुकसानभरपाई वेळेत मिळाली पाहिजे, ही मागणी फक्त शेतकऱ्याची आहे असं आपण समजतो. माझ्या मते ती वन्यजीवप्रेमींची पहिली मागणी असायला हवी. बाबांना पैसे वेळेवर मिळाले तर हरणाकडं बघायची त्यांची नजर बदलेल. नुसत्या माझ्या रीलनं बदलणार नाही.

ज्यांना गवत कळतं

आणखी एक गोष्ट. आपल्या तालुक्यात मंगरूळ चव्हाळ्याला फासेपारधी समाजातल्या मुलांसाठी मतीन भोसले यांनी सुरू केलेली 'प्रश्नचिन्ह' शाळा आहे. तुमच्यापैकी किती जण तिथं गेलात? या समाजावर इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याच्या धोरणातून गुन्हेगार असा शिक्का मारला. १९५२ मध्ये तो कायद्यातून पुसला, डोक्यातून अजून पुसला गेलेला नाही. पिढ्यान्‌पिढ्या तितर-लाव्यांसाठी फासे लावणाऱ्या या माणसांना कोणत्या गवतात कोणता पक्षी कधी अंडी घालतो, हे आपल्या कोणत्याही पुस्तकापेक्षा जास्त माहीत असतं. कारंज्याची 'संवेदना' ही संस्था आणि अकोला-वाशिम भागातली फासेपारधी कुटुंबं मिळून गवताळ माळ राखण्याचं काम करतात. ज्यांना आपण शिकारी म्हणून हाकललं, ते गवताचे राखणदार झालेत. ते मेंढ्यांवाले आबाजीही त्याच रांगेतले. आपण त्यांना कधी गेस्ट लेक्चरला बोलावलं आहे का? प्रमुख पाहुणे म्हणून शाल-श्रीफळ तर नाहीच.

मग करायचं काय?

हॅशटॅग नको. तीन साध्या गोष्टी सुचवते.

पहिली : तुमच्या ग्रामपंचायतीत जाऊन 'लोकजैवविविधता नोंदवही' मागा. जैवविविधता कायदा २००२ चा आहे, त्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता समिती आणि ही नोंदवही असायला हवी. ती उघडा. तुमच्या ई-क्लासवरची किती गवतं, किती पक्षी त्यात आहेत ते बघा. नसतील तर भर घालायला सांगा. घरातल्या आजीला विचारा, गुराख्याला विचारा. मारवेल, पवन्या, कुसळी, अशी निदान दहा गवतांची नावं तुम्हाला यायला लागली की समजा सुरुवात झाली.

दुसरी : पुढच्या वेळी कॉलेजनं वृक्षारोपण ठरवलं तर एक प्रश्न विचारा. 'सर, ही जागा आधीपासून माळरान आहे की उजाड झालेलं जंगल?' माळरान असेल तर खड्ड्यांऐवजी पक्षीगणना करू म्हणा, कचरा उचलू म्हणा. शिबिराचे तास तेवढेच भरतात. सर चिडले तर मला कळवा, पुढचा लेख त्यावर.

तिसरी : ग्रामसभेला जा. तुमचं मतदार यादीत नाव आहे ना? मग ग्रामसभेत बसायचा हक्कही आहे. ई-क्लासवरच्या अतिक्रमणाचा, मुरमाचा विषय तिथं काढा. गावाच्या सामायिक जमिनी वाचवा, असं सर्वोच्च न्यायालयानं २०११ च्या एका निकालात सगळ्या राज्यांना बजावलं आहे. पण निकाल दिल्लीत लागतो, जमीन गावात असते.

मागच्या महिन्यात मी त्या ई-क्लासवर परत गेले होते. आम्ही लावलेल्या दोनशेपैकी अकरा रोपं जिवंत होती, तीही कशीबशी. बाकीच्या खड्ड्यांत गवत परत आलं होतं. एका खड्ड्याच्या कडेनं तितराची जोडी पळाली आणि कुसळीत दिसेनाशी झाली. आबाजी काही भेटले नाहीत. भेटले असते तर सांगणार होते, तुमचं बरोबर होतं.

घरी आले तर सॉक्स कुसळांनी भरलेले. आई ओरडलीच. एकेक कुसळ उपटताना या वेळी मी एक काम केलं. सगळी कागदात गुंडाळून ठेवली आहेत. पावसाळा लागला की परत माळावर टाकून येणार आहे. कुणाला सोबत यायचं असेल तर या. बूट घालून या.